झाडाची कंबर

मास्तरांना खोटं बोलता येत नाही, असं त्यांची बायको सगळ्यांना सांगायची आणि लगेच पुढे जोडायची, "हातात टेप नसेल तर."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं लांबट, अंधारं दुकान होतं. पुढे दोन मशिनी, मागे कापायचं टेबल, कोपऱ्यात ट्रायलसाठी पडदा आणि त्याच्या बाजूला उभा आरसा. आरशाला वयानुसार तपकिरी डाग पडले होते, त्यामुळे कपड्यावर डाग दिसला तर तो आरशाचा की इस्त्रीचा, यावर गिऱ्हाईक आणि मास्तर यांच्यात वाद व्हायचा. मास्तर माप घेत आणि मोठ्यानं पुकारत. टेबलामागे उभी असलेली बायको ते टिपून घेई आणि कापड कापी. माप त्यांचं, कातर तिची. संसारातही वाटणी हीच होती.

आता त्या पुकारण्यातली गोम सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

मास्तर ज्याच्या हाताखाली तयार झाले तो म्हातारा कारागीर म्हणायचा, "गिऱ्हाईकाला आरसा दाखवावा, आकडा दाखवू नये." माणूस पोटानं वाढतो, मनानं नाही. सगळ्या दुकानासमोर त्याच्या कमरेचा खरा आकडा पुकारला, तर कपडा कितीही छान बसला तरी तो पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. म्हणून मास्तर भरदार गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावत, खरा आकडा डोळ्यांनी वाचत आणि त्यातून चार इंच गिळून उरलेला पुकारत. वर म्हणत, "सैल ठेव गं." गिऱ्हाइकाला वाटे, वा, काय आपुलकी! बायको मात्र ‘सैल’ ऐकलं की मुकाट्यानं आकड्यात चार मिळवून लिही. ‘चांगलं सैल’ म्हटलं की आठ. या दोन शब्दांत गल्लीतली निम्मी पोटं सुखानं मावली होती.

यात कोणाचं नुकसान नव्हतं. कपडे अंगावर चपखल बसत. गिऱ्हाईक छाती फुगवून, म्हणजे खरं तर पोट आत ओढून, आरशात बघे आणि म्हणे, "अजून तेच माप आहे ना हो?" मास्तर टाचण्या तोंडात धरून मान डोलावत. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला शब्दांची जबाबदारी राहत नाही.

दुकानासमोर एक विलायती शिरीष होता. खोड असं, की तीन माणसांनी हात धरले तरी चौथ्याला निरोप पाठवावा लागे. त्याचा पसारा निम्म्या गल्लीवर होता. दुकानातल्या अंधाराचं कारण तोच. शिवाय त्याच्यावर राहणारे पक्षी मास्तरांच्या पाटीवर रोज आपला अभिप्राय नोंदवत. सकाळी ओलं फडकं घेऊन पाटी पुसताना मास्तर वर बघून म्हणत, "तुला एकदा मुळापासून काढला पाहिजे." हे ते इतकी वर्षं म्हणत होते, की झाडाच्याही ते अंगवळणी पडलं असावं. दुपारी मात्र त्याच्याच सावलीत स्टूल टाकून काजं करत बसत. रोज ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच घरी जेवायला जायचं, तशातला तो प्रकार.

मग नगरपालिकेनं गल्लीचा रस्ता रुंद करायचं ठरवलं आणि त्याच सुमारास ‘मानाची झाडं’ ही योजना काढली. एका खात्यानं कुऱ्हाड परजायची आणि दुसऱ्यानं झाडाला हार घालायचा, अशी ही रीत. नियम सरळ होता. छातीच्या उंचीवर ज्या झाडाचा घेर दोनशे इंच किंवा त्याहून जास्त भरेल ते मानाचं. त्याला पाटी लागणार, त्याला कोणी हात लावणार नाही, आणि रस्त्यानंच त्याला वळसा घालायचा. त्याहून कमी भरलं, तर ते नुसतं झाड, आणि मग रस्त्याची मर्जी.

गल्लीच्या समितीच्या अध्यक्ष होत्या बाई. या मात्र शाळेतल्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून नोकरीवर होता. गल्लीतली निम्मी माणसं त्यांची विद्यार्थी, त्यामुळे बाई समोरून आल्या की पन्नाशीचे बाप्येसुद्धा तोंडातलं पान गिळत. शिस्त, टापटीप, वेळ आणि नियम हे त्यांचे चार खांब, आणि पाचवा म्हणजे त्यांची कंबर. "लग्नात होती तेवढीच आहे. मास्तरांना विचारा," असं त्या अभिमानानं सांगत. मास्तरांकडे त्यांचा कोट वर्षानुवर्षं एकाच आकड्यावर शिवला जाई. ‘सैल’वरून त्या ‘चांगलं सैल’वर कधी गेल्या, ते फक्त मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला ठाऊक होतं.

मोजणीच्या दिवशी बागखात्याचा तरुण साहेब आला. गल्लीनं लगेच त्याचं नाव बागसाहेब ठेवलं. त्यानं आधी छातीची उंची ठरवली. कोणाची छाती, यावर थोडा वाद झाला, कारण गल्लीतला कुलूपवाला बुटका होता आणि पोस्टमन ताडमाड. बागसाहेबानं नियमातली उंची खोडावर खडूनं आखली. मग खिशातला लोखंडी टेप काढला. तो टेप भिंती मोजायचा. सरळ जाणं त्याच्या रक्तातच होतं. खोडाभोवती वळवला की फणा काढून परत यायचा. दोनदा त्यानं साहेबाच्या बोटाला चावा घेतला.

"अहो, वळणाचं काम आहे, वळणाऱ्याला द्या," कुलूपवाला म्हणाला. "मास्तर, या बाहेर!"

मास्तर गळ्यात टेप अडकवून बाहेर आले. सगळी गल्ली जमलेली. बाई कोटाच्या बाह्या नीट करून शेजारी उभ्या. मास्तरांनी टेपाचं टोक खडूच्या रेषेवर धरलं, टेप संपला तिथे आपल्या खडूनं खूण केली, पुन्हा पुढे, पुन्हा खूण. सालीच्या खाचाखोचांवरून त्यांची बोटं अशी फिरत होती, की झाडानं जरा श्वास रोखून धरल्यासारखं वाटावं. फेरी पूर्ण झाली. मास्तरांनी आकडा वाचला. दोनशे तीन. मनातल्या मनात त्यांनी म्हटलं, अरे वा, जेमतेम पण बसलास की!

आणि समोर एवढा भरदार आकार, भोवती बघणारी माणसं, सगळ्यांचे कान टवकारलेले. मास्तरांची जीभ नेहमीच्या वाटेनं निघाली.

"एकशे नव्याण्णव," त्यांनी खणखणीत पुकारलं. "सैल ठेव गं."

बागसाहेबानं एकशे नव्याण्णव टिपलं. ‘सैल’ या शब्दाचं काय करायचं, हे त्याला खात्यानं शिकवलं नव्हतं.

जीभ पुढे गेली होती आणि मन मागून धापा टाकत येत होतं. ते पोचलं तेव्हा मास्तरांचा चेहरा खडूसारखा झाला. त्यांनी ‘अहो, थांबा’ म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. पण गर्दीत आधीच गलका उठला होता. कुणीतरी म्हणालं, "एका इंचानं? परत मोजा की!" तेव्हा बाईंनी हात वर केला.

"परत कशाला?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो जड झाला होता. "मास्तरांचं माप आहे. इतकी वर्षं माझं माप घेतायत, इंचाचा फरक नाही. मास्तरांनी एकशे नव्याण्णव म्हटलं म्हणजे एकशे नव्याण्णव. मी जन्मभर पस्तीसला पास केलंय आणि चौतीसला नापास. आपलं झाड आहे म्हणून एक मार्क वाढवून देणार नाही."

आता सांगा, या वाक्यानंतर तोंड उघडं ठेवून करायचं काय? ‘बाई, माझा आकडा खोटा असतो’ म्हणायचं? मग बाईंचा पहिला प्रश्न असता, ‘माझा कुठला?’ मास्तरांनी तोंड मिटलं. कुलूपवाल्यानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. "काय कातर चालवलीत मास्तर! रोज शिव्या घालत होतात, एका इंचात काम तमाम!"

लोक हसले. मास्तरही हसले. ते हसू त्यांना नंतर कित्येक दिवस गिळता आलं नाही.

संध्याकाळी बायको दिवा लावता लावता म्हणाली, "अगदी काठावर बसलं हो. दोनशे तीन. मला आतून ऐकू आलं तेव्हा जीव भांड्यात पडला."

मास्तर चहा पीत होते. चहा नाकात गेला.

सगळं ऐकून घेतल्यावर बायकोनं दिव्याची वात सारखी केली. मग ती म्हणाली, "माणसांना लाज असते, म्हणून आपण गिळतो. झाडाला कसली हो लाज होती कमरेची?"

"जिभेची सवय गं. मुद्दाम का केलं मी?"

"मी कुठे म्हटलं मुद्दाम केलं?"

पण मास्तरांच्या मनात नेमका तिथेच काटा रुतला. तिनं म्हटलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच वाटत होतं. रोज सकाळी फडकं हातात घेऊन ते काय म्हणत होते? समजा जिभेला वाट चुकायला कुणी मदत केली असेल तर? झाड गेलं तर दुकानात उजेड येईल, पाटी स्वच्छ राहील, हे त्यांच्या मनात कधीच आलं नव्हतं असं शपथेवर सांगता येईना. चूक जिभेची होती की मनाची, याचा निवाडा करायला आत दुसरं कोणी नव्हतं. आरोपीही तेच आणि साक्षीदारही तेच.

"जा आणि सांगून टाका," बायको म्हणाली.

"बाईंना?"

"नाहीतर काय झाडाला?"

"त्यांच्या कमरेचं विचारलं तर?"

"मग तेही सांगा. नाहीतर मी जाते."

"तू नको!" मास्तर घाईघाईनं म्हणाले. "मी सांगतो. उद्या सांगतो."

उद्या म्हटलं की बायको त्यांना ओळखून होती. गिऱ्हाइकाला दिलेली तारीख आणि मास्तरांचा ‘उद्या’, दोन्ही सारखेच सैल.

तरी ते गेले. दुसऱ्या नाही, पण त्याच आठवड्यात. बाईंचा जुना कोट अस्तर बदलून झाला होता, तो हँगरला लावून घेऊन गेले. हातात काहीतरी असलं की धीर येतो. बाईंनी बसवलं, चहा दिला. घरात सगळं जागच्या जागी होतं. भिंतीवरच्या चौकटीसुद्धा प्रार्थनेला उभ्या असल्यासारख्या रांगेत.

"बाई, त्या मापाचं जरा..." मास्तरांनी सुरुवात केली.

"मापाचं काय बोलायचं," बाई म्हणाल्या. "मास्तर, तुमच्याशिवाय कोणाला सांगणार? मला झोप लागत नाही. माझी पहिली नोकरी. शाळेची इमारत झालेली नव्हती. पहिले दोन महिने वर्ग त्या झाडाखाली भरवला मी. हजेरी घेताना फुलं वहीत पडायची. आणि आता मीच त्याला नापास केलं."

"तुम्ही नाही, बाई..."

"मीच. अध्यक्ष मी." बाईंनी चष्मा पुसला. मग जरा सावरून म्हणाल्या, "परवा जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या. म्हणाल्या, बाई, सगळं बदललं, तुम्ही तेवढ्या बदलला नाहीत. मी म्हटलं, मास्तर साक्षीला आहेत." आणि त्या हसल्या. त्या दिवसांत पहिल्यांदाच हसल्या असाव्यात.

मास्तरांनी चहा संपवला. बशीसकट. कोट खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि घरी आले.

"सांगितलंत?" बायकोनं विचारलं.

"कोट दिला," मास्तर म्हणाले.

मग गल्लीत लोक बोलू लागले, विसरू लागले, आणि मास्तर मात्र कोणी विसरूच देत नसल्यासारखे वागू लागले. गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावला की त्यांना आकडाच उच्चारवेना. "लिही गं... लिही..." म्हणत राहत. बायको वाट बघून म्हणे, "काय लिहू, तुमचं नाव?" पाटी पुसायला बाहेर गेले की वर बघत नसत. एकदा पक्ष्यानं थेट टकलावर अभिप्राय दिला, तर मास्तरांनी तो रुमालानं पुसला आणि हळूच म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

यादी आली. शिरीष तिच्यात नव्हता. आणि एका सकाळी दोर, करवती आणि शिड्या घेऊन माणसं आली.

त्या वेळी पोस्टमन ट्रायलला उभा होता. त्याचं लग्न ठरलं होतं, कोट घाईचा होता. एक बाही लावलेली, दुसरी टेबलावर, पाठीवर पांढरे कच्चे टाके. मास्तर गुडघ्यावर बसून खालची कड बेतत होते आणि तोंडात टाचण्यांची रांग होती. बाहेर करवतीचा आवाज सुरू झाला. मास्तरांनी एक टाचणी लावली. दुसरी लावली. पोस्टमन म्हणाला, "मास्तर, ती पायाला लागतेय." तिसरी टाचणी मास्तरांनी हवेतच धरली. बाहेर काहीतरी कडाडलं, आणि मग दुकानात एकदम उजेड आला. भिंतीवरचा कापड मोजायचा गज, सुताची रिळं, आरशावरचे सगळे डाग, बायकोच्या कपाळावरचे दोन पांढरे केस, सगळं लख्ख दिसलं. दुकानाच्या बाजूची मोठी फांदी खाली आली होती.

मास्तर तसेच धावले. टाचण्या तोंडातच. दोन्ही हात हलवत, "म्म! म्म!" करत ते झाडाखाली जाऊन उभे राहिले. पाठोपाठ एका बाहीच्या कोटातला पोस्टमन.

"बाजूला व्हा, काका!" मुकादम वरून ओरडला. "दुसरी अर्धी झालीय!"

मास्तरांनी टाचण्या तळहातावर काढल्या, दोन जमिनीवर पडल्या. "थांबा! दोनशे तीन आहे!"

"काय दोनशे तीन?"

"कंबर!"

मुकादमानं खालच्या माणसांकडे बघितलं. त्यांनी डोक्याजवळ बोट फिरवून दाखवलं.

बाई तिथेच होत्या. खुर्ची आणून झाडापासून नियमाच्या अंतरावर बसल्या होत्या. निरोप द्यायला. विरोध करायला नाही, कारण तो नियमात बसत नव्हता. त्या उठल्या. "मास्तर, नीट बोला. पूर्ण वाक्यात."

मास्तर सगळ्या गल्लीसमोर, आयुष्यात पहिल्यांदा, पूर्ण वाक्यात बोलले. "मी त्या दिवशी आकडा चुकीचा सांगितला. माप दोनशे तीन होतं. भरदार माप असलं की मी चार कमी सांगतो, आणि ‘सैल’ म्हणतो. ही आत चार वाढवून लिहिते. सवयीनं तोंडातून गेलं. तेव्हाच लक्षात आलं होतं. बोललो नाही."

जमलेल्यांपैकी निम्म्यांचे हात आपापल्या पोटावर गेले. कुलूपवाल्यानं पट्टा सारखा केला.

"कोणाकोणाचं कमी सांगता?" बाईंनी विचारलं.

मास्तर खाली बघत राहिले.

"माझं?"

मास्तरांनी मान हलवली. होकारार्थी.

"किती?"

"बाई, इथे सगळ्यांसमोर..."

"झाडाचं सगळ्यांसमोर सांगितलंत ना? किती?"

"आठ," मास्तर म्हणाले.

कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. बाईंचा चेहरा लाल झाला, मग पांढरा, मग नुसता म्हातारा झाला. त्यांनी कोटाचं वरचं बटण उघडून पुन्हा लावलं. "बागसाहेबांना बोलवा," एवढंच म्हणाल्या.

बागसाहेब आला, त्यानं ऐकून घेतलं आणि रास्तच विचारलं, "मास्तर, तेव्हाचं खरं मानू की आताचं?"

ज्या माणसानं आपलंच माप खोटं ठरवलं, त्याच्या दुसऱ्या मापाला कोण विचारणार?

"टेप द्या इकडे," बाई म्हणाल्या. मास्तरांनी गळ्यातून टेप काढून पुढे केला. "आता हात लावायचा नाही."

बाईंनी स्वतः मोजलं. खडूची जुनी रेषा अजून होती. टोक पोस्टमननं धरलं, खुणा बाईंनी केल्या. टेप त्यांनी इतका घट्ट ओढला, की झाडाच्या बाजूनं कोणी एक सूतभरही बोलू शकलं नसतं. मास्तर बाजूला उभे. गळ्यात टेप नसलेले मास्तर गल्लीनं कधी पाहिले नव्हते. हात कुठे ठेवावेत तेच त्यांना कळेना.

बाईंनी आकडा वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मग पोस्टमनला वाचायला लावला, मग साहेबाला.

"दोनशे तीन," बागसाहेब म्हणाला. "मुकादम, खाली या."

"येतो, पण ही अर्धी कापलेली?" मुकादम वरून म्हणाला. "ही अशी ठेवली तर उद्या कोणाच्या तरी डोक्यावर. हिला काढावीच लागेल."

साहेबानं मान हलवली. करवत पुन्हा सुरू झाली. सगळं खरं सांगून झालं होतं, झाड मानाचं ठरलं होतं, आणि तरीही मास्तरांसमोर दुसरी फांदी कापली जात होती. ती पडली तेव्हा जमीन हादरली. बारीक पानं कितीतरी वेळ खाली येत राहिली.

"त्या जखमांना काही लावायचं का?" मास्तरांनी साहेबाला विचारलं. "डांबर, लेप, काही?"

"काही नको. झाड आपलं आपण भरून काढतं. वर्षं लागतात."

"मी काय करू?"

"तुम्ही? काही नाही."

जन्मभर फाटलेलं सांधणाऱ्या माणसाला याहून वाईट उत्तर नसावं.

त्यानंतर दुकानाचं काय झालं, ते ज्यांना शिंप्याकडे जावं लागतं त्यांनी ओळखावं. काही गिऱ्हाइकं रुसली. काही आली आणि म्हणाली, "आमचं खरं काय ते सांगा," आणि खरं ऐकून रुसली. कुलूपवाला एकटा असताना आला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, माझं आपलं जुनंच चालू द्या. खरं घरी बायको सांगतेच." उजेड भरपूर झाला होता. जो तो म्हणे, "आता सुई ओवायला बरं पडत असेल." मास्तर मशीन आरशाकडे वळवून, उजेडाकडे पाठ करून बसू लागले. स्वतःच्याच सावलीत टाके दिसेनात, तरी बसत.

बाई आल्या नाहीत. रस्त्यानं जाताना समोरच्या बाजूनं जात.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी त्या दुकानात शिरल्या. आत दोन गिऱ्हाइकं होती. बाई आरशासमोर उभ्या राहिल्या आणि हात बाजूला धरले. "कोट शिवायचाय. माप घ्या. मोठ्यानं."

मास्तरांनी टेप लावला. बायको टेबलामागे पेन्सिल धरून श्वास न घेता उभी. मास्तरांनी आकडा वाचला आणि तोच पुकारला. सगळ्या दुकानात.

बाई आरशातल्या स्वतःकडे बघत राहिल्या. "एवढी?"

"हो, बाई."

"हं." मग बायकोकडे वळून, "लिहिलंस ना? त्यात काही मिळवू नकोस."

"नाही, बाई," बायको म्हणाली.

"कधी देताय?"

"बुधवारी."

"मंगळवारी द्या. बुधवारी सकाळी झाडाला पाटी लावायचीय. तुम्हीही यायचंय."

"मी?" मास्तर टेप गुंडाळत म्हणाले. "मी कुठल्या तोंडानं येऊ?"

"ज्या तोंडानं एकशे नव्याण्णव म्हणालात, त्याच," बाई म्हणाल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मास्तरांनीही ते ऐकू आल्यासारखं करून घेतलं नाही. पण मंगळवारी आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोट दिलेल्या तारखेला दिला.

बुधवारी सगळी गल्ली जमली. उरलेल्या निम्म्या पसाऱ्याखाली सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या. बाई नव्या कोटात बोलायला उभ्या राहिल्या. कोट छान बसला होता. मास्तर दुकानाच्या बाजूला उभे राहिले, जिथे कापलेल्या दोन फांद्यांचे पांढरे गोल वर दिसत होते आणि खाली कडक ऊन होतं.

"मास्तर, अहो सावलीत या की!" पोस्टमननं खुर्ची सरकवत हाक मारली. त्याच्या शेजारी त्याची नवी नवरी होती.

"इथे बरा आहे," मास्तर म्हणाले.

बाईंचं भाषण लांबलं. शाळेतलं असल्यासारखं लांबलं. मास्तरांच्या कानशिलांवरून घाम ओघळून कॉलरमध्ये जात होता. मध्येच बायको दुकानातून आली, त्यांच्याकडे बघितलं, वर त्या गोलांकडे बघितलं. ‘आत चला’ असं काही म्हणाली नाही. डोक्यावरून पदर पुढे ओढला आणि त्यांच्या शेजारी उन्हात उभी राहिली.